कळ एक, दावेदार पाच

रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज रोडजवळ तिघांत मिळून खोली घेऊन राहतो.

"मामा, लॅपटॉप गेला बहुतेक. टर्मिनलवर काहीच उमटत नाहीये."

"माउस हलतोय?"

"हलतोय. ब्राउझर पण चालू आहे. फक्त टर्मिनल ठार."

"त्याच्या आधी काय दाबलंस?"

"काहीच नाही रे. फाइल सेव्ह केली फक्त."

"कर्सर एडिटरमध्ये होता की टर्मिनलमध्ये?"

जरा वेळ शांतता. "टर्मिनलमध्ये असेल."

"कंट्रोल-क्यू दाब."

पलीकडून हसायला आल्याचा आवाज. दहा मिनिटं वैतागून त्याने जे जे बडवलं होतं, दोन शिव्यांसकट, ते सगळं एका दमात पडद्यावर आलं होतं. आणि त्या शिव्या नावाची कमांड सापडत नाही, हेही बॅशने, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या आज्ञा घेणाऱ्या शेल नावाच्या प्रोग्रामने, त्याला इमानेइतबारे कळवलं होतं.

लॅपटॉपला काहीही झालं नव्हतं. कंट्रोल-एस त्याने एडिटरसाठी दाबलं आणि ते घेतलं भलत्यानेच. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणकाशी बोलायच्या खिडकीत, काम करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव कुठल्या ना कुठल्या रूपात येतो. व्हिम या एडिटरमध्ये चौकोनी निवड करायला कंट्रोल-व्ही दाबावं तर क्लिपबोर्डवरचा मजकूर येऊन पडतो. चालू प्रोग्रामांची यादी दाखवणाऱ्या एचटॉपमधून बाहेर पडायला एफ-10 दाबावं तर खिडकीचा मेनू उघडतो. माणूस म्हणतो, प्रोग्राम बिघडला. बहुतेक वेळा कोणाचंच काही बिघडलेलं नसतं. बटण वाटेतच कुणीतरी उचललेलं असतं.

नाशिककरांना ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून निघते, गंगापूर धरणात अडते, रामकुंडावरून शहर ओलांडते, पुढे नांदूर मध्यमेश्वर आणि मग पार पैठणला जायकवाडी. पाणी एकच, पण वरचं दार बंद असेल तर खालच्याची गरज कितीही असो, त्याच्यापर्यंत थेंब पोचत नाही. पाऊस कमी झाला की ऑक्टोबरात 'पाणी सोडा, सोडू नका' हा वाद आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. पाण्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. कंट्रोल-एसवरही नसतं. जो प्रवाहात आधी, त्याचा पहिला हक्क.

तर या प्रवाहात कोण कोण बसलंय ते बघू. उगमाजवळ डेस्कटॉप. त्याच्या खाली टर्मिनलची खिडकी, म्हणजे जीनोम टर्मिनल, विंडोज टर्मिनल, किट्टी यांसारखे प्रोग्राम. त्याच्या खाली लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला, टीटीवाय नावाचा एक थर, जो कुठेही दिसत नाही आणि म्हणून सगळ्यात जास्त छळतो. त्याच्या खाली, वापरत असाल तर, एकाच खिडकीत अनेक टर्मिनल चालवणारे टीमक्स किंवा स्क्रीन. आणि सगळ्यात शेवटी, जायकवाडीच्या जागी, ज्याच्यासाठी तुम्ही बटण दाबलंत तो बिचारा: बॅश, किंवा व्हिम, नॅनो, ईमॅक्स यांपैकी एखादा एडिटर, जे असेल ते.

डेस्कटॉपबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ऑल्ट-टॅब त्याचं, ऑल्ट-एफ4 त्याचं, उबुंटूवर कंट्रोल-ऑल्ट-टी त्याचं. मॅकवर कंट्रोल आणि डावा-उजवा बाण एकत्र दाबले की डेस्कटॉप बदलतो, आतल्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. हे असले हक्क सेटिंग्जमधून काढून घेता येतात. पुढे चला.

खरी गंमत टर्मिनलच्या खिडकीपाशी सुरू होते, आणि तिथे थोडं गणित करावं लागतं.

आपल्याला वाटतं की कीबोर्ड प्रोग्रामला सांगतो, "कंट्रोल दाबलंय, शिफ्ट दाबलंय, सोबत सी दाबलंय." साध्या खिडकीतल्या प्रोग्रामला तसंच सांगितलं जातं. टर्मिनलमधल्या प्रोग्रामला मात्र बटणं दिसतच नाहीत. त्याला दिसतो फक्त अक्षरांचा ओघ, कारण ही सगळी व्यवस्था टेलिप्रिंटरच्या काळातली आहे. वर्तमानपत्रांच्या कचेरीत खडखडत बातम्या छापणारी यंत्रं असायची, त्यांच्याच भावकीतली यंत्रं आधी संगणकाला जोडली गेली. मग 1978 मध्ये डेक कंपनीचा व्हीटी100 हा पडद्याचा टर्मिनल आला आणि आजच्या टर्मिनलच्या खिडक्या अजून बऱ्याच अंशी त्याचीच नक्कल करतात. 'एम्युलेटर' म्हणतात ते त्यामुळेच. तारेवरून जायचे ते आकडे, आणि आकडे ठरले होते आस्की या तक्त्यात, जो पहिल्यांदा 1963 मध्ये आला.

त्या तक्त्यात मोठा सी म्हणजे 67 आणि छोटा सी म्हणजे 99. कंट्रोलचं काम एवढंच की आकड्याचे वरचे भाग खोडून टाकायचे. 67 मधून 64 गेले, उरले 3. 99 मधून 96 गेले, उरले 3. म्हणजे शिफ्ट दाबा नाहीतर दाबू नका, कंट्रोलसोबतचा सी तारेवर 3 म्हणूनच जातो. शिफ्ट वाटेतच विरघळते.

हे एकदा कळलं की बऱ्याच विचित्र गोष्टींचा उलगडा होतो. आय म्हणजे 73, त्यातून 64 गेले की 9, आणि 9 म्हणजे टॅब. म्हणून टर्मिनलमध्ये कंट्रोल-आय आणि टॅब ही जुळी भावंडं आहेत. व्हिममध्ये एकाला काम दिलंत की दुसरंही तेच करायला लागतं. एम म्हणजे 77, उरतात 13, म्हणजे एंटर. डावा चौकोनी कंस म्हणजे 91, उरतात 27, म्हणजे एस्केप. ज्यांच्या लॅपटॉपचं एस्केपचं बटण रुसलंय त्यांनी कंट्रोल आणि चौकोनी कंस वापरून बघावं, व्हिमला फरक कळत नाही. कळूच शकत नाही.

आणि कॉपी करायला टर्मिनलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी का, या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. कंट्रोल-सी आधीच चालू प्रोग्राम थांबवायच्या कामाला लागलेलं होतं. कंट्रोल-शिफ्ट-सी मात्र आतल्या प्रोग्रामला वेगळं ओळखताच येत नव्हतं, म्हणजे ते कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं. पडीक जमीन होती, टर्मिनलवाल्यांनी कसायला घेतली. मला ही तडजोड मनापासून आवडते. मॅकवाल्यांना हा प्रश्नच पडत नाही, कारण त्यांच्या कॉपी-पेस्टचं कमांडचं बटणच निराळं आहे. विंडोज टर्मिनलने तिसरीच युक्ती काढली: मजकूर निवडलेला असेल तर कंट्रोल-सी म्हणजे कॉपी, नसेल तर प्रोग्राम थांबव. चतुराई आहे, पण कधीतरी निवड नकळत सुटलेली असते आणि कॉपीच्या ऐवजी अर्धा तास चाललेलं काम थांबतं.

सगळेच टर्मिनल इतके समंजस नाहीत. विंडोज टर्मिनल कंट्रोल-व्ही स्वतःच घेतं, म्हणून वरचा व्हिमचा किस्सा. जीनोम टर्मिनल एफ-10 मेनूसाठी घेतं. बॅशमध्ये ऑल्ट-एफ म्हणजे एक शब्द पुढे जाणं, पण टर्मिनलला मेनूची पट्टी असेल तर ऑल्ट-एफने फाइल मेनू उघडतो. जीनोम टर्मिनलच्या पसंतीच्या पानावर या दोन्ही सवयी बंद करायच्या खुणा आहेत. नवीन लॅपटॉपवर मी त्या आधी काढतो, भिंतीचं चित्र नंतर लावतो. व्हीएस कोडमधल्या टर्मिनलचं तर आणखी वेगळं. त्याच्याकडे एक लांबलचक यादीच आहे की अमुक बटणं शेलला द्यायचीच नाहीत, ती एडिटरची. कंट्रोल-पी दाबून बॅशची मागची कमांड आणायला जावं तर फाइल शोधायचा चौकोन उघडतो. ती यादी 'कमांड्स टू स्किप शेल' नावाच्या सेटिंगमध्ये आहे, त्यातून हवी ती नोंद वगळता येते.

ब्राउझरमधलं टर्मिनल हा माझा दुखरा कोपरा. एका ग्राहकाचा सर्व्हर फक्त वेबपानातल्या कन्सोलमधूनच उघडतो. बॅशमध्ये शेवटचा शब्द खोडायला कंट्रोल-डब्ल्यू, बोटांना वीस वर्षांची सवय. क्रोममध्ये कंट्रोल-डब्ल्यू म्हणजे टॅब बंद, आणि ते बटण ब्राउझर वेबपानाच्या हाती लागूच देत नाही. लांबलचक कमांड लिहायची, एक शब्द चुकायचा, बोटं आपोआप जायची आणि अख्खं पान गायब. एका संध्याकाळी असं तीनदा झालं. शेवटी ऑल्ट-बॅकस्पेसची सवय लावून घेतली, त्याने बॅशमध्ये शब्द खोडला जातो आणि ब्राउझर त्याच्या वाटेला जात नाही.

आता तो अदृश्य थर. टीटीवाय.

टेलिप्रिंटरवर कागद संपायला आला, गुंता झाला, की समोरच्याला 'थांब' म्हणायची सोय हवी होती. त्यासाठी आकडा ठेवला 19, आणि 'हं, चालू दे' यासाठी 17. एस हे एकोणिसावं अक्षर, क्यू सतरावं. म्हणजे कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू. कागद गेला, यंत्रं गेली, आपल्याकडची तारसेवाही 2013 च्या जुलैत बंद झाली, पण ही सोय कर्नलमध्ये अजून जिवंत आहे आणि बहुतेक ठिकाणी आपोआप चालू असते. माझ्या भाच्याने 'सेव्ह' म्हटलं ते कर्नलने 'थांब' असं ऐकलं.

कंट्रोल-सी, कंट्रोल-झेड, कंट्रोल-डी हीही याच थराची बटणं. कंट्रोल-सी आलं की कर्नल ते अक्षर पुढे देतच नाही, त्याऐवजी चालू प्रोग्रामला थांबायचा इशारा पाठवतो. कंट्रोल-झेडला नवशिके 'अनडू' समजतात आणि मग प्रोग्राम नाहीसा झाला म्हणून घाबरतात. तो मेलेला नसतो, मागे जाऊन झोपलेला असतो. 'एफजी' लिहून एंटर दाबा, उठून येतो.

मग व्हिम कंट्रोल-सीने का मरत नाही? कारण व्हिम सुरू होताना कर्नलला सांगतो की माझ्या वेळी मध्ये बोलू नकोस, जे येईल ते कच्चं माझ्याकडे दे. या अवस्थेचं नावच 'रॉ' आहे. बाहेर पडताना तो सगळं पुन्हा होतं तसं लावून ठेवतो. मध्येच कोसळलेला प्रोग्राम हे लावायचं राहून जातो, आणि मग टाइप केलेलं दिसत नाही, एंटरने ओळ बदलत नाही. त्यावेळी न दिसणाऱ्या पडद्यावर 'रीसेट' एवढं लिहायचं. एंटरला दाद मिळाली नाही तर कंट्रोल-जे.

त्याच्या खाली टीमक्स. याच्या आज्ञा कंट्रोल-बीने सुरू होतात, जुन्या स्क्रीनच्या कंट्रोल-एने. दोन्हीही पडीक जमिनी नव्हत्या: बॅशमध्ये कंट्रोल-ए म्हणजे ओळीच्या सुरुवातीला जाणं, कंट्रोल-बी म्हणजे एक अक्षर मागे. पण इथे दार बंद नाही, तिकीट आहे. टीमक्समध्ये कंट्रोल-बी दोनदा दाबलं की एक आत जातं. स्क्रीनमध्ये कंट्रोल-ए आणि मग नुसता ए. आपल्या लॅपटॉपवरही टीमक्स, एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकाला जोडून घ्यायच्या सोयीने, गेलात त्या सर्व्हरवरही टीमक्स, असं झालं की आतल्याला आज्ञा द्यायला दोनदा दाबावं लागतं. आणखी एक पायरी खाली गेलात तर चारदा. तिथवर कुणी जाऊ नये.

प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या डॉकरनेही असाच एक टोल लावलाय. चालू कंटेनरला जोडून घेतलंत की कंट्रोल-पी आणि त्यामागून कंट्रोल-क्यू ही बाहेर पडायची खूण. म्हणून पहिलं कंट्रोल-पी दाबलं की डॉकर ते हातात धरून बसतो: पुढे क्यू येतोय का बघू. आपल्याला वाटतं बटण अडकतंय. एस्केपचंही तसंच. ऑल्टसोबत दाबलेलं बटण टर्मिनलमधून 'एस्केप आणि मग ते अक्षर' असं जातं, त्यामुळे नुसतं एस्केप आलं की टीमक्स थोडा वेळ वाट बघतो. ही वाट बघण्याची मुदत कित्येक वर्षं अर्धा सेकंद होती. व्हिमवाल्यांनी त्या अर्ध्या सेकंदाला घातलेल्या शिव्या मोजल्या तर गोदेला पूर येईल.

मग एखादं बटण हरवलं तर ते नक्की कुठे अडलं, हे शोधायचं कसं? साधी परीक्षा आहे. कोरं टर्मिनल उघडायचं, टीमक्स नाही, एसएसएच नाही. 'कॅट' लिहायचं, जागा सोडून उणे चिन्ह आणि व्ही, मग एंटर. आता संशयित बटण दाबायचं. वरचा बाण दाबलात तर टोपीसारखं चिन्ह, दोन चौकोनी कंस आणि ए असं काहीतरी उमटेल. काही उमटलं, म्हणजे टर्मिनलच्या खिडकीने बटण खाली सोडलंय, चोर खालच्या बाजूला आहे. काहीच उमटलं नाही आणि मेनू उघडला, मजकूर चिकटला किंवा खिडकी हलली, तर चोर वर. आणि काही उमटो न उमटो, कॅटच बंद पडला किंवा गोठला, तर कर्नल. कर्नलकडे कुठली बटणं आहेत याची यादी 'एसटीटीवाय', उणे, ए अशा कमांडने समोर येते.

चोर खाली असेल तर एकेक थर वाढवत जायचं. आधी एसएसएच, मग टीमक्स, मग व्हिम. व्हिमच्या आत 'व्हर्बोस मॅप' ही आज्ञा अमुक बटणाला कुठल्या फाइलने कामाला लावलंय तेही सांगते. बऱ्याचदा दोन वर्षांपूर्वी आपणच कुठूनतरी उचलून घातलेली ओळ निघते.

आणि सापडल्यावर? माझं मत पक्कं आहे: बदल शक्यतो वरच्या थरात करावा. टर्मिनलची खिडकी तुमच्या लॅपटॉपवर एकच आहे. व्हिम आणि बॅश पन्नास सर्व्हरवर आहेत आणि त्यातल्या एकाही ठिकाणी तुमची सेटिंग्ज असतीलच असं नाही. व्हिमचं कंट्रोल-व्ही बदलून दुसरंच काही लावलंत, तर सातपूरच्या एखाद्या कारखान्यातल्या मशीनसमोर उभं राहिल्यावर बोटं आंधळी होतात. गंगापूरचं दार उघडा, जायकवाडी हलवायला जाऊ नका. विंडोज टर्मिनलच्या सेटिंग्जमध्ये कंट्रोल-व्हीची नोंद काढून टाका, पेस्टला कंट्रोल-शिफ्ट-व्ही आहेच.

शिफ्ट विरघळते त्या दुखण्यावर आता औषध आलंय. हल्ली टर्मिनलमध्ये चालणारे एआय मदतनीस बरेच जण वापरतात आणि तक्रार करतात की शिफ्ट-एंटरने नवी ओळ येत नाही, निरोप तसाच निघून जातो. कारण तेच: दोन्ही 13. किट्टी या टर्मिनलने यासाठी नवी पद्धत आणली. किट्टी लिहिणारे कोविद गोयल म्हणजे ई-पुस्तकांसाठी वापरतात त्या कॅलिबरचे कर्ते. या पद्धतीत प्रोग्रामने आधी विचारायचं, 'तुला सविस्तर सांगता येतं का?' टर्मिनल हो म्हणालं की मग प्रत्येक बटणासोबत शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांची वेगळी नोंद येते. इतर काही टर्मिनलनीही ती उचलली आहे. पण मधल्या प्रत्येक थराला ती कळायला हवी. टीमक्सच्या आत गेलात आणि त्याची सेटिंग लावलेली नसेल तर पुन्हा 1963.

आपल्याकडे एक सहावा दावेदारही असतो: मराठी टायपिंग. भाषा बदलायला काही इनपुट पद्धती कंट्रोल-स्पेस घेतात, आणि ईमॅक्समध्ये निवड सुरू करायचं बटण नेमकं तेच. मी भाषा बदलायचं काम सुपर-स्पेसला (सुपर म्हणजे विंडोजच्या खुणेचं बटण) देऊन मोकळा झालोय. दुसरी फजिती इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी वापरणाऱ्यांची. व्हिममध्ये कर्सर हलवायची एच, जे, के, एल ही बटणं मराठी चालू असताना प, र, क, त पाठवतात. व्हिमला आज्ञा कळत नाही आणि आपल्याला वाटतं पुन्हा काहीतरी गोठलं.

भाच्याला मी त्या रात्री कर्नलकडून कंट्रोल-एस सोडवून घ्यायची ओळ सांगितली होती: 'एसटीटीवाय', जागा, उणे चिन्ह, आणि चिकटून 'आयएक्सऑन'. बॅशच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये टाकून दे म्हटलं. आठ दिवसांनी पुन्हा फोन.

"मामा, ते गोठणं बंद झालं. पण परत चुकून कंट्रोल-एस दाबलं तर आता ओळीच्या सुरुवातीला 'आय-सर्च' असं काहीतरी येतंय. हे कोण?"

हा बॅश. जुन्या कमांड पुढच्या दिशेने शोधायला त्याने कंट्रोल-एस कधीपासून राखून ठेवलंय, पण कर्नल वरच अडवत असल्यामुळे ते त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. आता पाणी आलं.

"कंट्रोल-जी दाब," म्हटलं, "आणि फाइल सेव्ह करायच्या आधी कर्सर कुठे आहे ते बघ."